मंदाकिनीबाई आणि सगळ्यांचा मिळून एक घाणा

मंदाकिनीबाईंना तेलातलं कळत नाही असं म्हणायची छाती बेटावर कुणाची नव्हती. बाईंनीच तशी सोय ठेवली नव्हती. व्हँकुव्हरजवळच्या त्या चिमुकल्या बेटावर राहायला येऊन आठवडा होतो न होतो, तोच फेरीच्या धक्क्यापासून पोस्टापर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं की या बाईंच्या वडिलांचा बार्शीला शेंगदाण्याचा घाणा होता आणि बाई पेंडीच्या ढिगावर खेळत मोठ्या झाल्या. लोक त्यांना ‘मँडी’ म्हणत. बाईंना ते नाव बिलकूल आवडत नसे, पण हाक मारली की ओ देत.

त्याआधीची कॅनडातली सगळी वर्षं पूर्वेकडच्या वॉटर्लूला गेली. यजमान बळवंतराव सॉफ्टवेअरमध्ये, बाई एका शाळेच्या किचनमध्ये, आणि दर हिवाळ्यात दारातला बर्फ शोव्हल करून दोघांच्या कंबरेचे टाके ढिले. रिटायर झाल्यावर बळवंतराव मिल्टनला एखादा कॉन्डो बघत होते. बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, “अहो, मला माती पाहिजे. बाल्कनीतली नको, पायाखालची.” झालं. बळवंतरावांनी मान डोलावली. या घरात मान डोलावण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं.

बेटावर थंडी बेताची, म्हणून काही हौशी मंडळींनी तिथं ऑलिव्ह लावले होते. बाईंनीही घरामागच्या उतारावर रोपं लावली. “पहिल्याच फ्रॉस्टला जातील,” शेजारचा डग्लस म्हणाला. बाईंनी जुन्या रजया फाडून एकेका रोपाला गुंडाळल्या आणि डग्लसला चहाला बोलावून त्या दाखवल्या. झाडं जगली. आणि यंदा, पहिल्यांदाच, फांद्या वाकतील एवढं फळ धरलं.

तेल काढायचं यंत्र बेटावर एकच, सोतिरिसचं. हा म्हातारा ग्रीसमधला, कालामाताच्या बाजूच्या एका खेड्यातला. त्याचे आजे-पणजे ऑलिव्हच्या झाडाखालीच जन्मले आणि तिथंच पुरले गेले, असं तो सांगे. एकेकट्याच्या फळात यंत्राचा तळही झाकत नसे. म्हणून पद्धत अशी पडली होती की ठरल्या दिवशी सगळ्यांनी आपापले क्रेट आणायचे, सगळं फळ एकत्र ओतायचं आणि निघालेलं तेल ज्याच्या त्याच्या फळाप्रमाणे वाटून घ्यायचं. सगळ्यांचा मिळून एक घाणा. बाईंना ही रीत फार आवडली होती.

सोतिरिसचा ई-मेल आला होता. बळवंतरावांनी तो मोठ्यानं वाचूनही दाखवला. “अगं, तो म्हणतोय फळ घाण्याच्या आदल्या दिवशी तोडा.”

“त्याला म्हणावं, आधी पाऊस बघ,” बाई म्हणाल्या. “ओला दाणा घाण्यात घालू नये. बाबा दाणा उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय हात लावू देत नव्हते.”

“पण हे शेंगदाणे नाहीत, मंदा.”

“तेल ते तेल! तुम्ही मला तेल शिकवू नका.”

मग काय! पावसाची उघडीप बघून बाईंनी आठवडाभर आधीच फळ उतरवलं, बेसमेंटमध्ये जुन्या चादरी पसरल्या, त्यावर ते अंथरलं आणि हीटर लावला. रोज खाली जाऊन हातानं खालीवर करायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जरासा आंबूस वास सुटला. बाई खूश झाल्या. लोणचं मुरतं तसं फळ मुरतंय, असं त्यांनी बळवंतरावांना समजावून सांगितलं.

घाण्याच्या दिवशी सोतिरिसच्या शेडमध्ये गर्दी होती. बाई ऐटीत शिरल्या, मागून क्रेट ढकलत बळवंतराव. रांगेत उभ्या उभ्या बाईंनी डग्लसच्या क्रेटमधलं एक फळ उचललं, नखानं चिरलं आणि नाकाशी नेलं. ताज्या कापलेल्या गवताचा वास. दुसरं उचललं. तोच वास. मग आपल्या क्रेटमधलं एक चिरलं. शिळ्या ताकात बुडवलेल्या फडक्याचा वास.

बाईंना क्षणात सगळं उमगलं. दाणा वाळतो, हे रसाळ फळ, हे सडतं. आपण त्याला ऊब देऊन, जोजवून सडवलं होतं. आणि दोन माणसांनंतर ते सगळ्या बेटाच्या फळात पडणार होतं.

“चला, पुढे सरका,” बळवंतराव म्हणाले.

“अहो, आपलं नासलंय,” बाई पुटपुटल्या.

बळवंतरावांनी वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला. “थोडंच तर आहे,” ते हळूच म्हणाले. “एवढ्या ढिगात कुणाला कळणार? तू सगळ्यांना सांगून बसलीयेस, मंदा. हसतील तुला.”

हे खरं होतं, आणि तेच बाईंना झोंबलं. वर्षानुवर्षं मिरवलेला बाबांचा घाणा आज सगळ्यांसमोर खाली ठेवायचा होता. डोळ्यांत पाणी आलं. पण घाण्यावरच्या पोरीला हेही माहीत होतं की एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो. बाईंनी पदराच्या जागी असलेल्या जॅकेटच्या बाहीनं डोळे पुसले आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत सांगितलं, “माझं फळ घेऊ नका. मी ते हीटरवर वाळवलं. ते खराब झालंय.”

एक जण फिसकन हसला. सोतिरिस लंगडत आला, मूठभर फळ हुंगलं आणि म्हणाला, “माझा आजा गोण्यांत महिना महिना ठेवायचा. आमच्या गावाला वाटायचं, तेलाचा वास असाच असतो.” तेवढ्यात डग्लस लालबुंद चेहऱ्यानं वाकला आणि रांगेतल्या आपल्या क्रेटपैकी सगळ्यात खालचे दोन ओढून बाजूला ठेवले. “हे गेल्या रविवारचे आहेत,” तो म्हणाला. मागच्या एका बाईंनीही एक क्रेट गुपचूप बाहेर नेला. फिसकन हसलेला मघाचा माणूस आता आपल्याच क्रेटमध्ये नाक खुपसून उभा होता.

यंत्र सुरू झालं. तासाभरानं हिरवीगार धार लागली. सोतिरिसनं पहिला घोट बाईंच्या हातात दिला. घशाला असा ठसका बसला की मिरचीची फोडणी बरी. “कसलं जबरदस्त झालंय हो!” बाई खोकत खोकत म्हणाल्या.

एवढ्यात ग्वेल्फहून लेकीचा, जाईचा, व्हिडिओ कॉल आला. “आई, डिड वी गेट आवर ऑइल?”

“नाही. आपलं फळ मी वाळवून नासवलं,” बाईंनी सगळ्यांदेखत ठणठणीत मराठीत सांगितलं. “तुझ्या आजोबांचं काही चुकलं नाही हं. त्यांनी ऑलिव्ह बघितलंच नव्हतं. मी बघितलं होतं आणि विचारलं नाही.”

“वेट, तू त्यांना सांगितलंस? युअरसेल्फ?”

“मग?” बाई म्हणाल्या. “मी नसतं सांगितलं तर तेलानं सांगितलं असतं.”