छत्रीच्या दुसऱ्या टोकाला बलदिया

आमच्या घरासमोर बाग आहे, अगदी हाकेच्या अंतरावर. मध्ये फक्त रस्ता. आणि त्या रस्त्यावरून गाड्या अशा सुटतात की वाटावं, प्रत्येकाच्या घरी दूध उतू चाललंय.

सौदीतल्या बुरैद्यापासून तासाभरावरचं आमचं शहर. मी दातांची डॉक्टर. नवरा लोकांना भूल देतो आणि घरी स्वतःही फारसा जागा नसतो. सासरे गेल्यावर सासूबाईंना आम्ही गुहागरहून इथे आणलं. त्या गावात ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, सगळी वाडी त्यांच्या ओटीवर. इथे त्यांच्या वाट्याला आली खिडकी. संध्याकाळी आम्ही दोघं ड्युटीवर, नात ट्यूशनला. समोर बागेत बायका चटया टाकून बसायच्या, थर्मासमधून कहवा ओतायच्या, खजूर वाटायच्या, खिदळायच्या. सासूबाई काचेतून बघत राहायच्या.

एक दिवस जेवताना म्हणाल्या, "महिनाअखेरीचं माझं तिकीट काढा."

"का हो आई? व्हिसा वाढवता येतो की!"

"काचेतूनच बघायचं तर माझा टीव्ही आहे तिकडे."

मला त्या हव्या होत्या. सून असं म्हणते म्हणजे स्वार्थ असणार, असं तुम्ही म्हणाल. होताच! त्यांच्या हातचं कुळथाचं पिठलं मला सोडवत नव्हतं. पण माझी आई फार लवकर गेली, आणि दारात शिरल्या शिरल्या "आलीस का गं?" असं विचारणारं माणूस मला कित्येक वर्षांनी मिळालं होतं. ते असं एका रस्त्यापायी घालवायचं? छे!

मी कंबर कसली. नगरपालिकेला इथे बलदिया म्हणतात आणि तिच्याकडे तक्रार मोबाईलवरून करायची. त्यात खड्डे होते, कचरा होता, दिवे होते, मोकाट जनावरं होती. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, असा पर्यायच नव्हता. मी खड्डे निवडले, तर माणसं येऊन नसलेला खड्डा शोधून गेली. दिवे निवडले, तर लखलखीत खांबावर आणखी एक दिवा चढला. कामाला चोख हो, नाव ठेवायला जागा नाही. फक्त मला हवं ते सोडून बाकी सगळं करत होते.

अमेरिकेतल्या नणंदेला फोनवर रडगाणं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे बघ, नगरसेवकांच्या सभेत कोणीही माईकसमोर उभं राहून बोलू शकतं. आमच्या शाळेसमोर क्रॉसिंग हवं म्हणून मी स्वतः बोलले."

"मग झालं?"

"समिती नेमलीय."

"कधी?"

"पिंकी पहिलीत होती तेव्हा."

पिंकी म्हणजे तिची लेक, आता कॉलेजात आहे. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय!

मग मी चिडून मोकाट जनावरं निवडली. आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी दारात गाडी हजर! जाळं घेतलेला ड्रायव्हर आणि पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमधला एक तरुण साहेब. "जनावर कुठंय?" त्याने विचारलं. मी गॅलरीत उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बोट केलं.

"ममा! यू कॉल्ड आजी अ‍ॅन अ‍ॅनिमल?" लेक किंचाळली.

माझी अरबी दातांपुरती. उघडा, चावा, थुंका, दुखतंय का. तेवढ्या भांडवलावर मी त्याला रस्ता समजावला. त्यानेही शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की क्रॉसिंगचं खातं वेगळं. एवढ्यात साडीवर अबाया चढवून, छत्री घेऊन सासूबाई खाली आल्या.

"काय म्हणतोय?"

"काम दुसऱ्या खात्याचं आहे म्हणतोय."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अगो, हा तर आपल्यातलाच!" गावात नळ आणताना त्यांनी असले साहेब ढिगाने पाहिले होते. "साहेबाला रस्ता सांगायचा नसतो. चालवायचा असतो."

परक्या पुरुषाचा हात धरणं इथे बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी मिटलेली छत्री पुढे केली. एक टोक स्वतःकडे, दुसरं त्याच्याकडे. तो लाजला, इकडे तिकडे बघितलं, पण म्हातारीला नाही कसं म्हणणार? "यल्ला, खाला," म्हणाला आणि टोक धरलं. यल्ला म्हणजे चला, खाला म्हणजे मावशी.

छत्रीची ती वरात कशीबशी दुभाजकापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. साहेबाने हात वर केला, ओरडून पाहिलं. कुत्रं विचारेना! डोक्यावर ऊन रणरणत होतं. सासूबाईंनी छत्री उघडून दोघांवर धरली आणि बटव्यातली आल्याची वडी त्याला दिली. घरची वडी, झणझणीत. त्याने डोळे पुसले ते घामाने की आल्याने, देव जाणे. शेवटी त्याने फोन करून स्वतःच्याच गाडीला बोलावलं. ड्रायव्हर लांबचा यू-टर्न घेऊन आला आणि जनावरांच्या गाडीतून दोघांची सुटका झाली.

महिना संपायच्या आत रस्त्यावर पांढरे पट्टे आले, गतिरोधक आला, बटण दाबायचा सिग्नल आला. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम सुट्टी घेतली आणि त्यांच्याच खिडकीत उभी राहिले. त्यांनी बटण दाबलं. गाड्या थांबल्या. पलीकडच्या चटईवरच्या बायका त्यांना पाहून सरकल्या आणि मध्ये जागा झाली. मला रडूच कोसळलं, खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला मगरीबची अजान झाल्यावर त्या परतल्या, रुमालात खजूर बांधून. मी जीव मुठीत धरून विचारलं, "आई, तिकिटाचं काय करायचं?"

"राहू दे गं." त्या पाय धुवायला वळल्या. "बागेतल्या नळाला पाणी नाही. बायका अगदी जेरीला आल्यात."

"तुम्हाला अरबी कधीपासून कळायला लागली?"

"नळ पिळून दाखवला त्यांनी. त्यात काय कळायचंय? त्या साहेबाला उद्या बोलाव. मी वड्या करते."