यमूचं घंगाळ

परवा जुन्या बाजारात आंघोळीच्या पाण्याचं एक तांब्याचं घंगाळ दिसलं. जुनी भांडी जमवायचं मला वेडच आहे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, ‘चि. यमू हिस आत्याकडून’. माझ्याकडच्या बहुतेक भांड्यांवर नावं आहेत हो, पण सगळी पुरुषांची. जन्मभर चिंच लावून भांडी घासायची बायकांनी आणि नाव घरधन्याचं! इथे देणारीही बाई, घेणारीही बाई. मी अशी हरखले म्हणून सांगू! “बाजूला ठेवा हो भाऊ,” म्हटलं आणि भाजी घ्यायला गेले.

परत आले तर घंगाळ नुसतं लखलखत होतं. दुकानदार कौतुकानं म्हणाला, “आजी, मशीनवर घासून नाव पार काढून टाकलं बघा. दुसऱ्याचं नाव कशाला आपल्या घरात?”

मी पैसे मोजून दिले. चांगल्या मनानंच केलं होतं बिचाऱ्यानं.

आपण जुनं जपतो म्हणजे नेमकं काय जपतो, कोण जाणे. तांबं राहतं, घडण राहते. पण कुणी एक आत्या नाव घालणाऱ्यासमोर बसून, भाचीचं नाव चुकू नये म्हणून त्याच्या हाताकडे बघत राहिली असेल, ते कुठल्या कपाटात ठेवायचं?

आता घंगाळ बैठकीच्या खोलीत आहे. येणारी माणसं विचारतात, “किती सुंदर! कुणाचं हो हे?”

“यमूचं,” मी सांगते.

मग ती वाकून काठाखाली बघतात, आणि पुन्हा माझ्याकडे बघतात.