साडेचार इंच

१४ डिसेंबर १९४१, रविवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. त्या क्षणाविषयी मी आजवर कोणाशीही बोललेले नाही — आईशी नाही, मैत्रिणींशी नाही, आणि जिच्याशी सर्वांत आधी बोलायला हवे होते तिच्याशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी सांगणे जमेल — जमेल का?

मी विज्ञानाची विद्यार्थिनी. जे मोजता येते त्यावर विश्वास ठेवायचा, हा माझा बाणा. बास्केटबॉल खेळू लागले तेव्हाही कमरेला पदर खोचण्याआधी मी वही काढून बसत असे. कोणी किती फेकी केल्या, किती कडीतून गेल्या, चेंडू हातातून सुटताना हात किती उंच होता — सारे त्या वहीत. अमरावतीच्या आमच्या संघातल्या मुली मला ‘मास्तरीण’ म्हणून चिडवत. मला ते आवडे.

यमुना अकोल्याच्या संघात होती. तिचे वडील अकोटकडचे माळी. भाजीपाला आणि कोहळी पिकवून अकोल्याच्या बाजारात आणत. शाळेतल्या एका बाईंनी आग्रह धरला म्हणून ती शिकली. ती चेंडू जसा फेकी तसा फेकताना मी त्याआधी कोणाला पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांनी, खालून — चेंडू वर जाई तो न फिरता, शांत, आणि कडीतून उतरताना जाळीला जेमतेम जाग येई. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती. शेतात गाडी भरताना एकाने खालून कोहळे फेकायचे आणि गाडीवरच्याने झेलायचे. जोरात गेले तर झेलणाऱ्याच्या हातात फुटते, कमी गेले तर चाकावर. सातव्या वर्षापासून ती गाडीखाली उभी राहिली होती. मी तिच्या फेकीचा कोन काढला, उंची काढली, कागदावर वक्ररेषा आखली. सारे गणित बरोबर आले. पण ते बरोबर आल्यावर मला काय समजले होते? तिचा हात जे करी ते माझ्या कागदावर उतरत होते. माझ्या हातात उतरत नव्हते.

दोन वर्षांत अमरावती आणि अकोल्यात जेवढे सामने झाले, त्या प्रत्येकाआधीच्या सरावाचे आकडे माझ्याजवळ होते. पन्नास फेकींमागे यमुनेची सरासरी बेचाळीस. माझी छत्तीस. हे अंतर मला पाठ होते.

त्या वर्षी एका दूरच्या शहरातील शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात वऱ्हाडातून एका मुलीला शिष्यवृत्ती देऊन पाठवायचे ठरले. एकच जागा. तिथले प्रमाणपत्र मिळाले की सरकारी नोकरी, मुलींना खेळ शिकवण्याचा अधिकार, स्वतःचे आयुष्य. इतर कसोट्यांत आम्ही दोघी बरोबरीच्या ठरलो. शेवटची कसोटी पन्नास फेकींची, आमच्या अमरावतीच्या मैदानावर. मैदानाची मापे घेण्याचे काम अर्थातच मास्तरणीकडे आले.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि थंडीत आक्रसते, हे आपल्याकडे शाळकरी पोरही जाणते. म्हणून दिवाळीनंतर मैदानावर मुरूम पसरायचा, रूळ फिरवायचा आणि मगच कड्यांची उंची मोजायची, असा आमचा दरवर्षीचा रिवाज. त्या वर्षी मुरमाच्या गाड्या कमी आल्या आणि पूर्वेकडचा भाग तसाच राहिला. खांब खोल रोवलेला होता, तो हलला नाही. पायाखालची जमीन मात्र खाली बसली. त्या रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी पूर्वेच्या कडीला ओळंबा लावला, फीत धरली आणि आकडा वाचला. दहा फूट साडेचार इंच. असायला हवी दहा फूट. पश्चिमेची कडी मी आधीच मोजली होती — दहा फूट बरोबर.

चार बोल्ट सैल करून कडीची फळी खाली घ्यायला अर्धा तास लागला असता. माझ्याजवळ आठ तास होते. मी फीत गुंडाळली. घरी गेले. जेवले.

तुम्ही विचाराल, तेव्हाच ठरवले होते का? मीही स्वतःला हे विचारून पाहिले आहे. सोयीचे उत्तर असे की नाही, नुसतेच राहून गेले. ते खोटे आहे. मी दोन्ही आकडे वहीत लिहिले होते आणि त्या पानावर दुसरे पान चिकटवले होते. राहून गेलेल्या गोष्टीला कोणी खळ लावत नाही.

दुपारी साडेतीन वाजता परीक्षक बाई आल्या. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती, म्हणून दोघींनी एकाच वेळी, दोन टोकांना फेकी कराव्या असे त्यांनी सांगितले. मग माझ्याकडे वळून विचारले, दोन्ही कड्या पाहिल्या आहेत ना? मी म्हणाले, “हो बाई. आज सकाळीच मोजल्या आहेत.” त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. इतके काळजीपूर्वक रचलेले वाक्य मी कोणत्याही परीक्षेत लिहिलेले नाही.

कोणी कोणती बाजू घ्यायची, हा प्रश्न आला. पश्चिमेकडे तोंड केले की ऊन डोळ्यांवर येत होते. मी म्हणाले, मी पश्चिमेची घेते. यमुना पाहुणी आहे. सभोवतीच्या बायका कौतुकाने माझ्याकडे पाहू लागल्या. यमुना तेवढी अडून बसली. “तुह्या डोयात ऊन जाईन न वं, सुमन. आपण अर्ध्यावर बाजू बदलू.” मी हसून नको म्हटले. तिने माझा दंड हलकेच दाबला — आभार म्हणून.

मला पस्तीस मिळाले. तिला एकतीस.

आता जे सांगते ते त्या दिवशी मैदानावर फक्त मला कळले होते. गुण लिहिणारीने दर दहा फेकींचा आकडा वेगळा मांडला होता. यमुनेच्या ओळीत आकडे होते : तीन, पाच, सहा, आठ, नऊ. परीक्षक बाई म्हणाल्या, मुलगी सुरुवातीला घाबरली. सर्वांना ते पटले. मी तो कागद हातात घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली. ती घाबरली नव्हती. कडी वर आहे हे तिला ठाऊक नव्हते, कोणी सांगितले नव्हते, डोळ्यांना ते दिसण्याजोगे नव्हते — आणि तरी तिचा हात फेकीमागून फेकीला ते साडेचार इंच शोधत गेला होता. शेवटच्या दहांत त्याने ते शोधून काढले होते. आणखी दहा फेकी असत्या तर? ओळंबा आणि फीत घेऊन मी जे मोजले, ते तिने नुसत्या तळहातांनी मोजले होते. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सर्वांत थोर प्रयोग तो — आणि त्याची एकमेव साक्षीदार मी, कारण तो कट माझा होता.

मी शिष्यवृत्ती घेतली आणि गेले. प्रमाणपत्र मिळवले. शिक्षणखात्यात शारीरिक शिक्षणाची सहायक निरीक्षिका झाले. यमुना अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर खेळ शिकवू लागली. तिच्या मुली आमच्या अमरावतीच्या मुलींना वर्षामागून वर्षे हरवत राहिल्या. मी ते आकडेही लिहीत असे.

आठ वर्षे गेली. खात्याने ठरवले की प्रमाणपत्र नसलेल्यांना यापुढे ठेवायचे नाही; अपवाद करायचा तर निरीक्षकाची लेखी शिफारस हवी. अकोल्याची यादी माझ्याकडे आली. यादीत एकच नाव होते. जे प्रमाणपत्र तिच्याजवळ नव्हते, ते माझ्या भिंतीवर काचेत लावलेले होते.

मी गेल्या महिन्यात अकोल्याला गेले. मैदानावर चाळीस मुली होत्या आणि चेंडू दोन. उरलेल्या मुली जोडीजोडीने कोहळी फेकत होत्या — बाजारात न खपलेली, यमुनेच्या भावाने पोचवलेली. एका मुलीच्या हातून एक निसटून फुटले. यमुना तिच्याकडे बघून इतकेच म्हणाली, “झाली तुही भाजी. आता चिरायले बी तूच बस.” सगळ्या हसल्या, ती मुलगीसुद्धा, आणि तिने दुसरे कोहळे उचलले. तासभर मी पाहत होते. नेम चुकला म्हणून ती एकाही मुलीला रागावली नाही. चुकलेल्या मुलीजवळ जाई, तिचा हात आपल्या हातात घेई, आणि जणू त्या हातालाच काही विचारते आहे अशी थोडा वेळ थांबे. मग ती मुलगी पुन्हा फेकी आणि चेंडू कडीतून जाई. महाविद्यालयात दोन वर्षांत मला हे कोणी शिकवले नव्हते. मी उभी होते, वही उघडी होती, आणि लिहायला काही सुचत नव्हते.

नंतर मी तिला विचारले, ही रीत कुठून आली? मुली जवळ होत्या, म्हणून ती मला बाई म्हणाली.

“त्या रविवारी माहा हात फसला न, बाई. चेंडू तोच, कडी तेवढीच, अन् हात फसला. काहून फसला, ते मी आठ वर्सं त्यालेच पुसून राहिली. म्हून पोरींच्या हातावर मले राग येत नाही.”

कडी तेवढीच. ती हे माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत संशयाचा लवलेश नव्हता. मी तिची जागा घेतली, एवढेच मला ठाऊक होते. मी तिच्याकडून तिच्या हातावरचा विश्वास घेतला होता, हे मला त्या दुपारी कळले. त्या अविश्वासातून तिने अशी विद्या उभी केली की जिच्यापुढे मी विद्यार्थिनी म्हणूनही उभी राहू शकत नाही. मग निदान काही चांगले निष्पन्न झाले, असे म्हणावे? मी विज्ञान शिकले आहे. जे तिने केले ते माझ्या खाती मांडता येत नाही.

बोलण्याची ती वेळ होती. मी म्हणाले, शिफारस करीन.

केलीही. तिची नेमणूक कायम झाली. परवा त्याच कामासाठी पुन्हा अकोल्याला जाऊन परत निघाले, तर ती स्टेशनवर आली होती, हातात कोहळे घेऊन. ती म्हणाली की मी होते म्हणून तिची भाकर राहिली. तेव्हा ऊन मी घेतले आणि आताही मीच धावून आले. गाडी हलली. मी दारात उभी होते. ती फलाटावरून चार पावले चालली, गुडघे किंचित वाकवले आणि म्हणाली, “धर वं, सुमन.”

चालत्या गाडीत ते कोहळे माझ्या हातात आले. आले म्हणजे — ठेवले गेले. त्याला वजन होते हे मला नंतर, बाकावर बसल्यावर, जाणवले. 

काल सकाळी मी आमच्या जुन्या मैदानावर गेले. सुताराला सांगून पूर्वेची कडी दहा फूट साडेचार इंचांवर लावून घेतली. ओळंबा लावून दोनदा मोजली. तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. तिला कोणी प्रमाणपत्र दिले नाही. माझ्याजवळ ते आहे. मी पदर खोचला, रेषेवर उभी राहिले आणि पन्नास फेकी केल्या. चिकटवलेले पान सोडवून, त्या दोन मापांच्या खाली, दर दहांचा आकडा तिच्यासारखाच वेगळा मांडला.

दोन, एक, तीन, एक, दोन.

पन्नासपैकी नऊ.