टेबलावरचे पाच जण

“वासरू घेताना गाय बघावी, आणि खेळाडू घेताना त्याची आई.”

वर्लिन स्टिडमचं हे बोलणं आमच्या खोऱ्यात लहानथोरांना पाठ होतं. सारा जन्म त्याने गुरांच्या बाजारात वासरं पारखण्यात घालवला. गुडघा बघायचा, पाठ बघायची, आणि मग विचारायचा, याची आई कुठल्या कुरणातली. आमच्या विद्यापीठाचा बास्केटबॉलचा संघ नवी पोरं निवडायला लागला की त्यांनाही तो हाच न्याय लावायचा. वर्तमानपत्रात पोराची उंची छापलेली असायची, पण वर्लिनला त्याच्या आईची उंची हवी असायची. ती कुठे सापडली नाही तर फोटो डोळ्यांजवळ धरून, मागे उभ्या असलेल्या बाईला दाराच्या चौकटीशी ताडून बघायचा. पुष्कळदा त्याचं खरं ठरायचं. कधी सपशेल चुकायचं. टेनेसीच्या एका पोरावर त्याने एकदा सगळी भिस्त ठेवली होती, त्या पोराची आई म्हणजे ताडाचं झाड. पोरगा पहिल्याच थंडीत घरच्या आठवणीने रडून परत गेला. आम्ही वर्लिनला धरलं, तेव्हा तो म्हणाला, “आई उंच होती ना, इतक्या लांबूनही दिसत राहिली त्याला.”

आमच्या डोंगरात कोठाराच्या भिंतीला रिंग ठोकलेली नाही असं घर मिळायचं नाही. हिवाळ्यात विद्यापीठाचा सामना असला की चर्चमधली प्रार्थना लवकर आटोपते, आणि सगळ्यांत आधी गाडीत जाऊन बसतो तो पास्टर. पण खरं विचाराल तर आमचा आवडता मोसम हिवाळा नव्हेच. वसंतात उतारावरची रेडबडची झाडं पानांआधी फुलांनी गुलाबी होतात, ओढ्याला पाणी चढतं, तंबाखूची रोपं अजून बोटाएवढी असतात, आणि नवी पोरं कोण येणार, कोण किती चालणार याची चर्चा पेटते. सामन्यात हरावं लागतं. चर्चेत कुणी हरत नाही.

ही चर्चा चालते रुएलाच्या खानावळीत, गुरांच्या बाजाराच्या कुंपणाला लागून. खिडकीजवळचं टेबल आमचं. ऑर्बी फ्युगेट, लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक, त्याला हळू बोलता येत नाही. डेल्मस क्रेस, जन्मभर शाळेची बस चालवलेला, त्याला मोठ्याने बोलता येत नाही. तिसरा वर्लिन. आणि चौथा मी, वर्लिनच्या रानाला रान लागून असलेला.

आमची रीत ठरलेली आहे. टेबलावरच्या पाच वस्तू म्हणजे मैदानात उतरणारे पाच जण. तिखट सॉसची बाटली सगळ्यांत उंच, म्हणून ती रिंगखाली उभी. काकवीची बाटली जाड आणि संथ. मोहरीची बाटली, मिरपुडीची डबी, मीठदाणी. कागदी रुमालांचा डबा म्हणजे प्रशिक्षक, कारण तो काही केल्या जागचा हलत नाही. संघात नवा पोरगा आला की शेजारच्या टेबलावरून एखादी वस्तू उचलून आणायची, आणि पाचांतली एक काढून टेबलाच्या काठावर ठेवायची. काठ म्हणजे राखीव बाक. कुणाला काठावर ठेवायचं यावर आमची अर्धी सकाळ जाते. रुएला म्हणते, तुमच्या संघापायी माझी बाकीची गिऱ्हाइकं अळणी अंडी खातात.

दोन वर्षं झाली, मीठदाणी म्हणजे टोबिन. वर्लिनचा नातू.

टोबिनचा बाप केव्हाच निघून गेला. आई मार्लीस, वर्लिनची लेक, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, दिवसा झोपते. पोराला वाढवलं वर्लिनने, आणि थोडंफार कोठारावरच्या त्या रिंगने. बर्फ पडलं तरी तो फावड्याने जागा साफ करून चेंडू टाकत राहायचा. टप्प टप्प असा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा, आणि तो थांबला की माझी बायको म्हणायची, जेवायला बोलावलं वाटतं पोराला. शाळा संपली तेव्हा नदीकाठच्या एका छोट्या कॉलेजाने त्याला मागितलं होतं. पहिल्या दिवसापासून खेळवू म्हणाले. तेवढ्यात विद्यापीठाकडूनही विचारणा आली. जागा शेवटची, खेळायला मिळेलच असं नाही. आता दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाने काय केलं असतं ते त्याचं त्याला ठाऊक. आमच्यात असा प्रश्नच उठत नाही. विद्यापीठाची ती हिरवी जर्सी आमच्या डोंगरातल्या पोराच्या अंगावर कित्येक वर्षांत चढली नव्हती. वर्लिनने नातवाला सांगितलं, जर्सी घे. पास्टरने सांगितलं, जर्सी घे. मीही सांगितलं. त्याने घेतली.

तेव्हापासून तो बाकावर बसून आहे. सामना हातातून निसटला किंवा पुरता जिंकून झाला की शेवटी शेवटी त्याला मैदानात सोडायचे. आम्ही टीव्हीसमोर बसून चेंडू बघत नव्हतो, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला बाक बघत होतो. टोबिन पाणी पितोय, टोबिनने टॉवेल खांद्यावर टाकला. यंदा त्याच्या जागेवरचा मोठा पोरगा शिकून बाहेर पडला, म्हणून आम्ही मीठदाणी काठावरून उचलून मानाने पाचांत ठेवली होती. आणि त्याच आठवड्यात बातमी आली की विद्यापीठ मेम्फिसचा एक पोरगा आणतंय, टोबिनच्याच जागेवर खेळणारा.

मंगळवारी मी आणि वर्लिन आमच्या मधल्या कुंपणाची तार ओढत होतो. तार ताणता ताणता तो मला म्हणाला की टोबिनचा फोन आला होता. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर आत्ताच नाव द्यावं लागतं, मग दार बंद होतं. पोराने विचारलंय, आजोबा, राहू की जाऊ. मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, या वेळीही तुम्हीच सांगा. वर्लिनने त्याच्याकडून बुधवार सकाळपर्यंत वेळ मागून घेतला होता.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला काय वाटतं ते मी कसं सांगू?” तो म्हणाला. “मी बघायला लागलो की मला बर्फातलं पोरगं दिसतं. परकं वासरू पारखता येतं रे. घरचं नाही येत.”

म्हणून त्याने ठरवलं की काही न सांगता टेबलावर ऐकून घ्यायचं. मला म्हणाला, तोंड उघडू नकोस.

बुधवारी बाजार भरला होता. गुरं हंबरत होती, लिलावाचा पुकारा करणाऱ्याचा आवाज भिंतीतून येत होता. ऑर्बी शेजारच्या टेबलावरून केचपची बाटली घेऊन आला आणि मधोमध ठेवून म्हणाला, हा मेम्फिसचा. मग त्या पोराचे गुण सांगत सुटला. चेंडू हातात आला की समोरच्याला आपले पाय सापडत नाहीत म्हणे. डेल्मस म्हणाला, बचाव कच्चा आहे त्याचा. ऑर्बी म्हणाला, तुझ्या बसचे ब्रेक कच्चे होते तरी पोरं शाळेत पोचत होतीच ना. असं बराच वेळ चाललं. पण काढायचं कुणाला, हे आलं की दोघांची बोटं टेबलावर घुटमळायची. मिरपुडीची डबी काढून बघितली, परत ठेवली. काकवी काढली, परत ठेवली. मीठदाणीला कुणी हात लावेना. आपल्या माणसाच्या तोंडावर त्याच्या नातवाला काठावर ठेवणं आमच्याकडे होत नाही. शेवटी टेबलावर सहा जण उभे राहिले.

“सहा जण खेळवतात का रे हल्ली?” वर्लिनने विचारलं.

ऑर्बी म्हणाला, बघू की, अजून पुष्कळ वेळ आहे.

वर्लिन उठला. कप घेऊन रुएलाच्या गल्ल्याशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. “मी इथे नाही असं समजा,” तो म्हणाला, “आणि खरं बोला.”

 मग ऑर्बीने त्याच्या मते अगदी हळू, म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगितलं की टोबिन गुणी पोरगा आहे, त्याच्यासारखा कष्टाळू दुसरा नाही, पण मेम्फिसच्या पोरापुढे तो टिकायचा नाही. आणि पुढच्या वर्षी आणखी एक आणतील. मग आणखी एक. डेल्मसने मान हलवली. या पोराला त्याने बसमधून लहानाचा मोठा होताना पाहिलं होतं. त्याने मीठदाणी दोन बोटांनी उचलली आणि काठावर ठेवली, निजलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तशी. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “मार्लीस जेमतेम पाच फूट. वर्लिनच सांगत आलाय ना, आई बघा म्हणून.”

वर्लिनची पाठ हलली नाही. रुएला त्याच्या कपात कॉफी ओतत होती, ती ओतायची थांबली.

तो परत आला तेव्हा ऑर्बीने घाईघाईने मीठदाणी पाचांत सरकवायला हात पुढे केला. वर्लिन म्हणाला, राहू दे. खाली बसला. बशीतल्या गार झालेल्या ग्रेव्हीवर साय धरली होती, ती काट्याने बाजूला सारली आणि मग त्याने सगळं सांगितलं. पोराने काय विचारलंय ते, आणि आज उत्तर द्यायचंय ते.

आता बघा माणसांची तऱ्हा. हीच दोन माणसं आत्ता त्याला काठावर ठेवून मोकळी झाली होती. टोबिन जाणार म्हटल्यावर दोघांचेही चेहरे उतरले. ऑर्बी म्हणाला, जाऊ देऊ नकोस वर्लिन, एक वर्ष थांबव. कुणाचा पाय मुरगळतो, कुणाच्या गुडघ्याला लागतं, सांगता येत नाही. हे बोलल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मीही म्हणालो, थांबव. मला गप्प राहायला सांगितलं होतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं.

“थांबून काय करू दे त्याला?” वर्लिनने विचारलं. “बसू दे?”

“हो, बसू दे,” डेल्मस म्हणाला. त्याला इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “पण तो आमचा बसलेला असतो रे. सामना कुणी का जिंकेना. तो उठून गेला तर त्या पडद्यात आमचं काय आहे?”

वर्लिनने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. बाजारात कधी कधी एखादा गरीब माणूस चांगली गाय विकायला आणतो, दोर सोडणं त्याच्याच्याने होत नाही, आणि घेणाऱ्यालाही ओढवत नाही, तसं.

“डेल्मस,” तो म्हणाला, “बसायला आपण आहोत. त्याला खेळू दे.”

त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून बघितला, पण आमच्यासमोर उचलला नाही. टोपी घातली, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि दार ढकलून बाहेर पडला. पायरीवर थांबून त्याने फोन कानाला लावला. बोलला थोडं. आम्हाला काचेतून फक्त टोपी हलताना दिसत होती. मग बोलणं थांबलं, तरी फोन कानालाच होता. पलीकडून पोरगा काही म्हणत होता, की नुसता गप्प होता, की रडत होता, आम्हाला काय कळणार. भिंतीपलीकडे पुकारा करणारा कुणाच्या तरी गायीची किंमत चढवत होता.

मी उठायला लागलो. रुएलाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

वर्लिन फोन कानाशी धरूनच चालायला लागला. स्वतःच्या गाडीकडे नाही, गुरांच्या कुंपणांमधल्या चिखलाच्या वाटेने, जिकडे त्याला काही काम नव्हतं. गुरं माना वळवून त्याला जाताना बघत होती. आणि इकडे खिडकीशी ऑर्बी, डेल्मस, मी आणि हातात कॉफीचं भांडं धरलेली रुएला, वाट वळून तो दिसेनासा होईपर्यंत.