वेशीतल्या तोरणाचा फोटो

दुष्काळात आमची बैलजोडी राहात्याकडं मावशीच्या वस्तीवर ठेवली होती. तिकडं कालवा, ऊस. जनावराला वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, तोटा नाही. पाऊस झाल्यावर मी जोडी आणायला गेलो, आणि तिथल्या बाजारात एका खेळणीवाल्यापाशी शिट्ट्या-भिंगऱ्यांच्या शेजारी कॅमेरा दिसला. काळ्या प्लास्टिकचा. भिंगसुद्धा प्लास्टिकचं. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. पण खेळणीवाला म्हणाला, ह्यात खरा रोल बसतो. मी घेतला.

घरी आल्यावर बायकोनं तो हातात घेऊन बघितला.

"बैल आनायला गेल्ता का पाळन्यावर बांधायचं खेळनं?"

"ह्यात फोटू निघत्यात."

"कुनाचे?"

"तुझा पयला काढतो."

"माझा नगं. बैलाचा काढा. त्येला लाज न्हाई."

नगरला जाऊन रोल आणला. विहीर काढली, कडब्याची गंजी काढली, धाकटा भाऊ काढला. शेवटी बायकोही पदर सावरून उभी राहिली. निम्मा रोल झाल्यावर म्हटलं, बघावं तरी उमटलेत का. भाकरी शेकली का ते आपण उलथून बघतोच की. भर उन्हात ओट्यावर कॅमेऱ्याची पाठ उघडली.

नगरचा फोटोवाला म्हणाला, "मालक, सगळा रोल जळाला."

म्हटलं, "चूल न्हाई, इस्तू न्हाई, जळंल कसा?"

मग त्यानं समजावलं, की रोलाला उजेड म्हणजेच विस्तव. बरं, ते पटलं. फटीतूनही उजेड शिरत असेल म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कॅमेऱ्याभोवती घट्ट बसवली. ती युक्ती माझी, कुणी सांगितलेली नाही.

दुसरी गोष्ट मात्र पटली नाही. कॅमेऱ्याच्या पाठीला तांबड्या काचेची बारकी खिडकी होती. एक फोटो काढला, की खिडकीत पुढचा आकडा येईस्तोवर चावी फिरवायची. अशानं एका रोलात बाराच फोटो. पेरताना पाभरीचे फण जरा जवळ घेतले तर त्याच वावरात चार तासं, म्हणजे ओळी, जास्ती बसतात. मग इथं का बसू नयेत? आकडे रोल विकणाऱ्यांच्या सोयीचे, असं मी ठरवलं आणि नवा रोल घातला तो चावी निम्मीच फिरवायची म्हणून.

तेवढ्यात पोळा आला. आमच्या गावात पोळ्याला वेशीत दोन खांब रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखालून ज्याची जोडी पहिली जाईल त्याचा मान. हा मान आमच्या भावकीत दोन घरांचा: एक साल आमच्या घराचं, एक साल चुलतभावाच्या घराचं. दुष्काळाचं साल आमचं होतं. पण तेव्हा गावात जोड्याच नव्हत्या, सगळी जनावरं पाव्हण्यांकडं. तोरण बांधलंच नाही. आता ह्या साली मान कुणाचा?

मी म्हणालो, आमचा राहिलाय, आमचाच. चुलतभाऊ माझ्यापेक्षा मोठा, त्याला मी दादा म्हणायचो.

तो म्हणाला, "साल गेलं ते गेलं. पेरनी हुकली म्हनून दुसऱ्याच्या वावरात पेरतो का कुनी?"

"दादा, बापाच्या येळंपासून चालत आलेलं हाय. मी सोडनार न्हाई."

"नको सोडू. धरून बस."

पाटलांनी दोघांनाही समजावलं, पण दोन्ही घरं ऐकणाऱ्यातली नव्हती. हा मान माझ्या हातून गेला असता तर मला गावात मान वर करून चालता आलं नसतं. कुणाला ही गोष्ट बारकी वाटेल. मला वाटत नव्हती.

पोळ्याच्या दिवशी आमची जोडी धाकट्या भावाकडं दिली आणि मी कॅमेरा घेऊन पारावर चढलो. दोन्ही जोड्या दोन गल्ल्यांनी आल्या. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, पुढं हलग्या. कुणीच थांबेना. दोन्ही जोड्या एकदम तोरणाशी भिडल्या. मी खटका दाबला, चावी निम्मी फिरवली, परत दाबला. एवढ्यात खांब हलला, तोरण तुटून बैलांच्या शिंगात अडकलं, आणि धुळीत कोण कुठं ते दिसेना.

दादा म्हणाला, "माझी पयली."

माझा भाऊ म्हणाला, "आमची."

पाटील वैतागले. माझ्याकडं बघून म्हणाले, "ती तुझी डबी काय सांगती ते आन. ती म्हनंल त्ये खरं. हाय का कबूल?"

दादा म्हणाला, "कबूल. डबी खोटं बोलली तरी ह्येच्यापेक्षा कमीच बोलंल."

लोक हसले. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं नगरला गेलो आणि रोल धुऊन होईपर्यंत त्या दुकानाच्या पायरीवरनं हललो नाही.

फोटोवाला बाहेर आला तो डोकं खाजवत. म्हणाला, "मालक, चावी पूर्ण फिरवली नाही तुम्ही. एक फोटो दुसऱ्यावर चढलाय. वेगळे होत नाहीत." म्हणून त्यानं ते दोन्ही मिळून एकच लांब फोटो छापला होता.

पारावर सगळं गाव जमलं. पाटलांनी फोटो डोळ्याजवळ धरला, लांब धरला, उलटा धरला.

"खांब तीन दिसत्यात," ते म्हणाले. "बैल आठ. आन् तुझा पवळ्या ह्येच्या ढवळ्याच्या पोटातनं बाहेर निघालाय."

दादानं फोटो ओढून घेतला. "बगा, माझा ढवळ्या पुढं हाय."

"शिंग बग की. शिंग पवळ्याचं हाय," मी म्हणालो.

"शिंगाखाली तोंड कुनाचं हाय?"

पाटलांनी फोटो परत घेतला. म्हणाले, "डबी म्हनती, दोनी जोड्या एकदम गेल्या. कबूल केलंय तुमी. हितून पुढं दोनी जोड्या एकदमच आनायच्या. खांब लांब रोवा."

खरं सांगायचं तर मान गेला नाही एवढं मला पुरेसं होतं.

आठ दिवसांनी वहिनी, म्हणजे दादाची बायको, आमच्या घरी आली. म्हणाली, "ह्येंना त्यो फोटू पायजे. सोता यायला लाजत्यात." मी नगरहून दुसरी प्रत करून आणून दिली.

पुढच्या पोळ्याला खांब रोवताना दादा कुदळ घेऊन माझ्या आधी आला. त्याच्या बाजूचा खड्डा त्यानं खणला, माझ्या बाजूचा मी. मग दोघांनी मिळून कासरा धरून मधली जागा मापली. चारी बैल एका वेळी आत गेले.

फोटो अजून दोन्ही घरांत भिंतीवर आहे. तिकडं पाव्हणे आले की पोरं त्यांना ढवळ्याचं तोंड दाखवतात. आमच्याकडं आले की मी उठतो आणि शिंगावर बोट ठेवतो. शिंग पवळ्याचंच आहे.