मेहविश माप घेते

कामाच्या पहिल्या तीन दिवसांत मेहविशच्या तोंडून गिऱ्हाइकासमोर एकही पूर्ण वाक्य निघालं नाही. कुणी किंमत विचारली की ती खोक्यावरचा आकडा बोटानं दाखवायची. कुणी दुसरा रंग मागितला की मान हलवून पोटमाळ्यावर चढायची आणि चार-पाच खोकी छातीशी धरून उतरायची. श्रीरामपूरच्या मेन रोडवरचं ते चप्पल-बुटांचं दुकान काकासाहेब पटारे यांचं. चौथ्या दिवशी त्यांनी निकिताला बाजूला घेऊन विचारलं, "ही मुकी आहे का गं?"

निकिता तिथली जुनी सेल्सगर्ल, नऊ वर्षं काढलेली. "मुकी नाही, कोल्हारची आहे," ती म्हणाली. "बोलेल हळूहळू."

मेहविश वीस वर्षांची होती. वडील गनीभाई कोल्हारला गाद्या भरायचे. घरी दखनी आणि शाळेत मराठी, त्यामुळे तिच्या तोंडी 'ळ'चा 'ल' व्हायचा. नववीत बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला तेव्हा तिच्या 'बाला'वर आणि 'फला'वर सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. तेव्हापासून तिनं चारचौघांत बोलणंच सोडलं. बारावी सायन्स जेमतेम पास झाली आणि पुढची दोन वर्षं घरी बसून गाद्यांच्या खोळी शिवल्या. मावसबहीण अर्शी काकासाहेबांच्या दुकानात कामाला होती. तिचं लग्न झालं, जागा रिकामी झाली आणि जाता जाता तिनं मेहविशचं नाव सुचवलं.

गनीभाईंना ते पटलं नव्हतं. "लोकांच्या पायाशी बसायचं काम," ते म्हणाले.

"बसू द्या की," आई सुरय्या म्हणाली. "घरात बसून तरी काय करते? दोन वर्षांत भिंतीशीसुद्धा बोलली नाही पोरगी."

बुटांच्या दुकानात रंगांवाचून चालत नाही. आणि काळा, निळा, पिवळा, जांभळा, सगळ्यांत 'ळ'. मेहविशनं त्यावर तोड काढली. ब्लॅक, ब्लू, यलो. जांभळ्याला काय म्हणायचं ते न सुचल्यामुळे ती जोड उचलून नुसता समोर धरायची.

बोलणं टाळायचं म्हणून तिनं बाकीची कामं अंगावर ओढून घेतली. महिन्याभरात पोटमाळ्यावरचा सगळा माल तिला तोंडपाठ झाला. "बायकांचं, सहा नंबर, मागं पट्टा!" अशी निकितानं खालून हाक मारली की खोकं लगेच हजर. माप घ्यायचं कामही तिच्याकडेच आलं, कारण निकिताचे गुडघे दुखायचे. खाली बसायचं, पाऊल मापाच्या पट्टीवर ठेवून घ्यायचं, अंगठा कुठं पोचतो ते बघायचं. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया पाय मागं ओढायच्या. "अगं बया, पाया नको पडू," म्हणायच्या आणि वर आशीर्वादही देऊन टाकायच्या.

खाली बसल्यावर तिला जे दिसायला लागलं ते वर उभ्या असलेल्यांना दिसत नव्हतं. एकाच माणसाची दोन पावलं सारखी नसतात, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. मग ती गिऱ्हाइकानं काढून ठेवलेली जुनी चप्पल उलटी करून बघू लागली. कुणाची बाहेरच्या कडेनं झिजलेली, कुणाची एकच टाच बसलेली, कुणाच्या अंगठ्याखाली पार भोक.

एक दिवस मालनबाई नावाची भाजीवाली आली. तिची चप्पल बघता बघता मेहविशच्या तोंडून निघून गेलं, "आजी, डावा गुडघा दुखतो का?"

"व्हय गं माझे बाय! तुला कोनी सांगितलं?"

"चप्पल एका अंगानं झिजलीय."

मालनबाईनं त्यावर गुडघ्याची, पाटीची, बाजारात दिवसभर उकिडवं बसण्याची सगळी हकीकत सांगितली. मेहविश मधेमधे विचारत राहिली. दिवसभरात किती चालता? घरी अनवाणी असता का? मग ती वर गेली आणि जाड, मऊ तळाचा जोड घेऊन आली. पुढच्या आठवड्यात मालनबाई जावेला घेऊन आली आणि गल्ल्यावरच्या काकासाहेबांना म्हणाली, "ती पायावाली पोरगी कुठं हाय?"

मेहविशला आपलं गणित सापडलं होतं. स्वतःबद्दल बोलायला ती घाबरायची, पण समोरच्याला विचारायला घाबरत नव्हती. दिवाळीपर्यंत ती घासाघीस करणाऱ्यांना तोंड देऊ लागली. एकदा तळ सुटलेला बूट परत घेऊन आलेल्या माणसाशी तिनं पाऊण तास हुज्जत घातली, शेवटी बूट बदलून दिला, आणि तो गेल्यावर पाणी प्यायली.  निकितानं तिला दुसरा ग्लास भरून दिला.

राधाकृष्ण आले ते दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बेलापूरचा हा माणूस शुगर फॅक्टरीतून रिटायर झालेला; मुलीचं, अश्विनीचं लग्न तोंडावर आलेलं. ती सोबत होती. त्यांना काळे, चकचकीत, पुढून निमुळते बूट हवे होते. "आठ नंबर," ते म्हणाले. "तीस वर्सं आठच घालतोय."

मेहविशनं माप घेतलं. ते नऊच्याही पुढं जात होतं. पाऊल सुजलेलं होतं. तिनं त्यांची डावी चप्पल उचलली, तर तळातून बाभळीचा काटा आरपार वर आला होता, टोक मोडलेलं. तिनं त्यांचा तळवा वर केला. मध्यभागी काळपट डाग होता आणि कडेनं ओल. तिनं बाजूला बोटानं दाबलं. राधाकृष्णांचा पाय जराही हलला नाही. ते समोरच्या काचेतले बूट बघत होते.

"काका, दुखत नाही का?"

"काय दुखायचं? तू आठ नंबर काढ."

"तुम्हाला शुगर आहे का?"

"हाय की. गोळी घेतो. आता बूट काढती का नुसतीच चौकशी?"

"आठ नंबर मी देणार नाही," मेहविश म्हणाली.

राधाकृष्णांचा आवाज चढला. "विकायचं हाय का न्हाई तुमाला? मालक कोन हाय हितं?"

सगळं दुकान वळून बघू लागलं. काकासाहेब गल्ल्यावरून उठले. मेहविश खालीच बसून होती, राधाकृष्णांचा पाय हातात धरून. ती मोठ्यानं, स्पष्ट बोलली. "काका, तुमच्या तलव्यात काटा मोडलाय. तलवा काला पडलाय, पू झालाय, आणि शुगरनं पाय बधिर झाल्यानं तुम्हाला कलत नाहीये. यावर घट्ट बूट चढवला तर पाय जाईल. आधी डॉक्टरकडं जा."

'काला' ऐकून कुणी हसलं नाही. अश्विनी खाली वाकली, वडिलांचा तळवा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. दहा मिनिटांत ती त्यांना रिक्षात घालून घेऊन गेली. बूट तिथंच राहिले.

दुकान बंद करताना काकासाहेब म्हणाले, "गिऱ्हाईक परत पाठवायचं असेल तर आधी मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही बूट दिला असता," मेहविश म्हणाली.

काकासाहेबांनी कुलूप ओढून पाहिलं. "दिला असता," ते म्हणाले.

अश्विनी तीन आठवड्यांनी एकटीच आली. काटा निघाला होता, पू पसरल्यानं पायाचं एक बोट काढावं लागलं होतं, पाऊल वाचलं होतं. राधाकृष्ण लग्नात कापडी चप्पल घालून उभे राहिले होते. डॉक्टरांनी मऊ तळाची, रुंद, खास मापाची पादत्राणं सांगितली होती आणि ती कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. एका मोठ्या हॉस्पिटलात तशी बनवून देतात, असं कळलं होतं. "चल ना बाबांच्या नि माझ्यासोबत," अश्विनी म्हणाली. "तिथले लोक काय बोलतील ते मला कळायचं नाही."

मेहविशनं सुट्टी काढली. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला एक वर्कशॉप होतं. तिथं गोरक्षनाथ नावाचा कारागीर राधाकृष्णांचं पाऊल फोमच्या पेटीत दाबून ठसा घेत होता. भिंतीला नकली पाय टांगले होते, टेबलावर रबराचे तुकडे, ग्राइंडर, प्लॅस्टर. मेहविशनं इतके प्रश्न विचारले की शेवटी गोरक्षनाथनं हातातलं काम थांबवलं.

"काय शिकलीस?"

"बारावी सायन्स. मार्क कमी आहेत."

"मग याचा कोर्स असतो. पाय, पट्टे, बूट, सगळं बनवायचा. मी नुसता हातानं शिकलो, माझं वय गेलं. तुझं न्हाई गेलेलं."

त्या वर्षी तिनं अर्ज भरला आणि नंबर लागला नाही. ती दुकानात काम करत राहिली. काकासाहेबांनी शुगरवाल्यांसाठी मऊ तळाच्या चपलांचं एक कपाट लावलं. ती कुठून मागवायची हे तिनंच शोधून काढलं. पुढच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेत मुलाखतीला बोलावलं. समोर तिघे बसले होते. या क्षेत्रात का यायचंय, असं विचारल्यावर इतर मुलांनी सेवेबद्दल सांगितलं होतं. मेहविशनं झिजलेल्या चपलांबद्दल सांगितलं. कुठली कड झिजली की काय समजायचं, आणि कुठं तिचा अंदाज चुकला होता तेही. समोरच्या तिघांपैकी एकानं मधेच आपला बूट उलटा करून दाखवला. तिनं तो बघितला आणि त्यांना उजवीकडच्या कमरेबद्दल विचारलं.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा गनीभाई गादीला टाके घालत होते. त्यांनी हातातला टाका पुरा केला. "पुणे लांब आहे," म्हणाले.

"अब्बा, मी सांभालीन."

"ते दिसतंय," गनीभाई म्हणाले. "हॉस्टेलला गादी आपली नेशील का तिथली घेशील?"

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात काष्टीच्या रंगुबाई तिच्या गटाकडे आल्या. ऊस भरताना ट्रॉलीखाली सापडून गुडघ्याखाली पाय गेलेला. मेहविशनं उरलेल्या पायाचं माप घेतलं, आकडे लिहिले. रंगुबाई तिचं लिहिणं बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, नवा पाय लावल्यावर मला धार काढायला म्हशीखाली बसता येईल का गं?"

गटातली बाकीची मुलं आकडे पुन्हा तपासू लागली.

"मला माहीत नाही," मेहविश म्हणाली. "तुम्ही कशा बसता ते आधी दाखवा. मग मी सरांना विचारते."

रंगुबाईंनी काठी बाजूला ठेवली आणि दाखवायला सुरुवात केली.