सुमनचा दगड

सुमन गेल्याचं मला तिच्या जुन्या शाळेला मदत देणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून कळलं. शेवटचे महिने ती पिंप्राळ्याला भाच्याकडे होती आणि भाच्याने माझ्याआधी कंपनीला कळवलं होतं. फोनवर त्या माणसाने दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात विचारलं, बाईंचा तो दगड अजून देवपूरच्या खोलीतच आहे ना? जिवंतपणी जिला दारात उभं केलं नाही, तिचा दगड हवा होता... मेल्या म्हशीला मणभर दूध. मी फोन आपटला.

आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या मास्तरणी. ती शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला मुख्याध्यापिका होती. कंपनीची गाडी दरवर्षी यायची, दप्तरं वाटायची, फोटो काढून जायची. सुमन दरवर्षी एकच मागायची, पोरींसाठी संडास. वयात आल्या की पोरींना घरी बसवत, ते तिला सहन होत नसे. शेवटी बांधला एकदाचा. फरशी, आरसा, फीत, टाळ्या... आणि संध्याकाळी कुलूप. पाहुण्यांना स्वच्छ दिसला पाहिजे, म्हणून किल्ली धुळ्याच्या ऑफिसात. पोरी पहिल्यासारख्याच कपाशीत जायच्या. कपाशी उपटली की तोही आडोसा नाही. एका दुपारी सातवीतली रंजना शेतातून रडत परत आली. सुमनने अंगणातला दगड उचलला आणि कुलूप फोडलं.

कंपनीने मदत बंद केली, याचं मला नवल नाही. गावाने तिला फाडून खाल्लं, याचं आहे. “लक्ष्मी दारशी येल व्हती, बाईनी लाथ मारी,” सरपंच भर सभेत बोलले, आणि त्याच पोरींचे बाप माना डोलवत बसले. सुमनची बदली झाली, नवं कुलूप लागलं, कंपनी परत आली. दगड तेवढा ती सोबत देवपूरच्या खोलीत घेऊन आली. तो लावून खोलीचं दार दिवसभर सताड उघडं ठेवायची. कडी लावत जा म्हटलं की हसायची.

भाच्याने तो दगड खुशाल देऊन टाकला. परवा जळगावात कंपनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. दगड घासूनपुसून काचेच्या पेटीत ठेवलेला, खाली पितळी अक्षरांत तिचं नाव. रंजना आली होती. आता तिची मुलगी त्याच शाळेत जाते. ती सरळ कंपनीच्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“तो दगड आम्हले परत द्या. कुलूप आजूनबी तठेच शे.”

साहेबांना ते फार भावलं. त्यांनी तिला पेटीशेजारी उभं करून फोटो काढून घेतला. सगळे चहाला गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं... पेटीला बारीकसं कुलूप होतं.